प्लंबरने पाठ फिरवली तेव्हा

पत्र :

'सर, आम्ही बावधनला राहतो. स्वतंत्र बंगला, मागे टेकडी. दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत दोन घरफोड्या झाल्या, तेव्हापासून ह्यांच्या डोक्यात राखणीचा कुत्रा होता. लष्करातल्या कुत्र्यांचे व्हिडिओ बघून बघून शेवटी बेल्जियन मॅलिनॉइस आणला. आणला तेव्हा तीन महिन्यांचा होता, आता टायसन सोळा महिन्यांचा आहे. आठवड्यातून तीनदा ट्रेनर घरी येतात. काठी आपटून, पोतं नाचवून त्याला खिजवतात आणि तो पोत्यावर तुटून पडतो. ते म्हणतात, लाखात एक डॉग आहे, ड्राइव्ह फुल्ल आहे, कुणाला आत पाऊल टाकू देणार नाही. खरंच देत नाही. डिलिव्हरीवाले गेटपासून दहा फुटांवर पार्सल ठेवून पळतात. मागच्या आठवड्यात प्लंबर आला, हातात पाइप होता. टायसन आधी डायनिंग टेबलाखाली शिरला आणि तिथून भुंकत राहिला. प्लंबर बाथरूमकडे वळला तसा मागून येऊन त्याच्या पोटरीला चावला. ह्यांचं म्हणणं, त्याने त्याचं काम केलं. सासूबाई आता खोलीबाहेर येत नाहीत. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याचे मित्र अंगणात क्रिकेट खेळायला येतात. दिवाळीत टायसन दोन दिवस बाथरूममध्ये बसून होता, ट्रेनर म्हणाले सवय होईल. हा चांगला राखणीचा कुत्रा आहे का? आणि ट्रेनिंग पुढे चालू ठेवावं का? सोबत व्हिडिओ पाठवते आहे.'

— एक वाचक, बावधन

ताई,

दोन्ही प्रश्नांचं उत्तर 'नाही'. पोत्याचं ट्रेनिंग आजपासून बंद. महिन्याचे पैसे आगाऊ दिलेत असं घरात कुणी म्हणालं, तर उरलेल्या दिवसांत ट्रेनरला चहा पाजा, पण पोतं बाहेर काढू देऊ नका.

कुत्र्याचं पुढे बोलू, आधी प्लंबरचं. जखम लगेच साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुतली होती का? त्याला रेबीजची लस मिळाली का? टायसनची लसीकरणाची वही पूर्ण भरलेली असली, तरी हा निर्णय डॉक्टरांनी घ्यायचा, तुम्ही नाही आणि ट्रेनरने तर नाहीच. लस दंडात घ्यायची असेल तर 0 (पहिली लस घेतली तो दिवस), 3, 7, 14 आणि 28 असे पाच दिवस असतात. रक्त आलं असेल तर सोबत सीरम लागेल का, तेही डॉक्टरच सांगतील. टायसनवर चावल्या दिवसापासून दहा दिवस लक्ष ठेवायचं असतं. हे राहून गेलं असेल तर हे वाचणं इथेच थांबवून त्या माणसाला फोन करा. त्याच्या बुडालेल्या रोजाचं आणि औषधाचं बिल तुमचं.

आता तुमचा व्हिडिओ. मी तो पहिल्यांदा आवाज बंद करून पाहिला. जुनी सवय आहे. भुंकणं कानावर पडलं की माणूस भारावतो आणि डोळे नीट काम करत नाहीत. आवाजाशिवाय त्या चाळीसेक सेकंदांत मला दिसलं ते असं. टायसनचा पुढचा भाग पुढे आहे, पण मागचे पाय मागे रोवलेले आहेत, पळायची वेळ आली तर आधीच तयारी असावी तसे. शेपूट खाली, टोक आत वळलेलं. कान क्षणाक्षणाला मागे जातायत. नजर पोत्यावर नाही, ट्रेनरच्या दुसऱ्या हातातल्या काठीवर आहे. पोतं त्याने पुढच्या दातांत धरलंय, सोडलं, परत धरलं, परत सोडलं. ट्रेनर एक पाऊल पुढे आला की हा दोन पावलं मागे. ट्रेनर मागे सरला की हा उसळून पुढे.

ट्रेनर या उसळण्याला ड्राइव्ह, म्हणजे आतला जोर, म्हणतात. मी तेच चाळीस सेकंद पाहिले आणि मला त्यात घाबरलेलं पोर दिसलं.

पकडीबद्दल दोन शब्द जास्त सांगतो, कारण ती तुम्हाला स्वतःला त्या व्हिडिओत तपासता येईल. ज्या कुत्र्याचं मन पक्कं असतं तो स्लीव्ह (ट्रेनरच्या हातावरची पॅडिंगची बाही) धरतो ती पूर्ण जबड्यात, थेट मागच्या दाढांपर्यंत. आणि धरली की गप्प होतो. गुरगुरणं नाही, चावून चावून जागा बदलणं नाही. समोरचा ओरडला, काठी उगारली, तरी तो उलट आणखी घट्ट, आणखी शांत धरतो. घाबरलेला कुत्रा सुळ्यांनी टोचतो, सोडतो, पुन्हा टोचतो आणि सगळा वेळ घशातून आवाज काढत राहतो. त्याला पकडायचं नसतंच, त्याला समोरचं संकट लांब घालवायचं असतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला दुसरा कुत्रा जास्त खतरनाक वाटतो. एका अर्थी तो असतोही, फक्त चोराला नाही. तुमच्या प्लंबरला, उद्या कदाचित तुमच्या मुलाच्या मित्राला.

पत्रातली प्लंबरची हकीगत तुम्ही तीन वाक्यांत उरकलीत, पण सगळं त्यातच आहे. अनोळखी माणूस, हातात पाइप. (पाइप म्हणजे टायसनच्या हिशेबी काठी, आणि काठी म्हणजे काय हे त्याला आठवड्यातून तीनदा शिकवलं जातं.) तो आधी टेबलाखाली गेला. राखणीचा कुत्रा माणूस आणि घर यांच्या मध्ये उभा राहतो, फर्निचरखाली शिरत नाही. मग माणसाने पाठ फिरवली, त्याच्या डोळ्यांचा आणि हातांचा धाक संपला, तेव्हा हा बाहेर आला आणि मागून चावला. भेदरलेल्या कुत्र्याच्या चावण्याचं हे इतकं ठरलेलं चित्र आहे, की नावगाव झाकून कुणीही दाखवलं असतं तरी मी हेच म्हटलं असतं. यजमानांना सांगा, त्याने काम केलं नाही. त्याने संधी साधली.

आणि दिवाळी. आता माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगतो. कुत्रा दचकणं हा दोष नाही. सुतळी बॉम्ब कानाशी फुटला तर मीही दचकतो. बघायचं असतं ते दचकल्यावर तो परत कधी येतो हे. कुकरचं झाकण फरशीवर पडलं : एक पिल्लू उडी मारून मागे जातं, मान तिरकी करतं आणि अर्ध्या मिनिटात झाकण हुंगायला येतं. दुसरं सोफ्यामागे जातं आणि संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघरात पाय ठेवत नाही. या परत येण्यालाच आमच्या कुत्रेवाल्यांतली माणसं 'नर्व्ह' म्हणतात. मराठीत मला 'धीर' हा शब्द त्याला सगळ्यात जवळचा वाटतो. धीर बराचसा आईबापाकडून येतो. उरलेल्याचा मोठा वाटा तीन ते चौदा आठवड्यांच्या वयात पिल्लाने काय पाहिलं, ऐकलं, हुंगलं यावर ठरतो. टायसन तुमच्याकडे आला तेव्हा ती खिडकी जवळजवळ बंद झाली होती. आधीचे महिने तो कुठल्या शेडमध्ये, कशात वाढला, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसणार. त्यात तुमची चूक नाही. पण दोन दिवस बाथरूममध्ये बसलेल्या कुत्र्याला 'सवय होईल' म्हणून पुन्हा काठीसमोर उभं करणं, ही मात्र चूक आहे.

मी हे शहाणपणाने बोलतोय असं वाटू देऊ नका. 1998 साली, सव्विसाव्या वर्षी, माझ्याकडे एक जर्मन शेफर्ड मादी होती. मला तिचा फार अभिमान होता, कारण आमच्या वाड्यात तिच्या जवळून कुणी जायचं नाही. मीही पोतं नाचवलं होतं, मीही 'छू' शिकवलं होतं. 'छू' म्हटलं की ती सुटायची. परत बोलावलं की यायची नाही, पण त्याकडे मी त्या वयात किरकोळ बाब म्हणून बघायचो. एका संध्याकाळी गल्लीत सिलिंडरवाल्याच्या हातून सिलिंडर निसटून खणकन आदळला. ती आधी जिन्याखाली गेली, मग बाहेर येऊन त्याच्यावर धावली. मी धावत जाऊन तिचा पट्टा धरला, तर ती गर्रकन वळून माझ्याच हाताला चावली. डाव्या हाताला कोपराखाली सात टाके पडले. ती मला ओळखत नव्हती असं नाही. त्या क्षणी तिच्या डोक्यात कुणालाच जागा नव्हती. भीती आणि चेव एकत्र झाले की कुत्र्याचे कान बंद होतात, आणि जे समोर येईल त्याला दात लागतो. तुमच्या घरी त्या क्षणी पट्टा धरायला कोण धावेल, याचा विचार करा. माझा अंदाज, तुम्ही.

मग खरा राखणीचा कुत्रा कसा असतो? जर्मन शेफर्ड जातीची संघटना 1899 मध्ये माक्स फॉन श्टेफानित्स या निवृत्त घोडदळ अधिकाऱ्याने उभी केली. कुत्रा देखणा असून भागत नाही, तो कामाचा हवा, हा त्याचा हट्ट होता. त्याच विचारातून पुढे 'शुट्झहुंड' परीक्षा आली. या जर्मन शब्दाचा सरळ अर्थ राखणीचा कुत्रा. आज तिला आयजीपी म्हणतात. नाव ऐकून लोकांना वाटतं तिथे चावायचं शिकवतात. मूळ हेतू वेगळा होता : कोणत्या कुत्र्याची पैदास करावी आणि कोणत्याची करू नये, हे ठरवणं. चावण्याचा भाग हा एका मोठ्या चाळणीतलं एक भोक आहे.

परीक्षेचे तीन भाग, प्रत्येकी शंभर गुणांचे : माग काढणं, आज्ञापालन आणि संरक्षण. म्हणजे दोन तृतीयांश गुण चावण्याशी संबंध नसलेल्या कामाचे. त्यात बसायच्या आधी एक प्राथमिक परीक्षा द्यावी लागते. रस्त्यावर नेतात, सायकलवाले, धावणारे, गाड्या जवळून जातात. कुत्र्याला बांधून मालक दिसेनासा होतो आणि समोरून दुसरा कुत्रा नेतात. तिथे जो गडबडला तो पुढच्या पायरीवर जातच नाही. आज्ञापालनाच्या भागात कोऱ्या काडतुसाचा बार काढतात. भेदरला तर तिथेच बाद, मग त्याची पकड कितीही जबरदस्त असो. वयाचंही बंधन आहे : प्राथमिक परीक्षेला पंधरा महिने, आयजीपीच्या पहिल्या पायरीला अठरा. टायसन सोळा महिन्यांचा आहे आणि तुमच्या अंगणात आठवड्यातून तीनदा युद्ध चालू आहे.

आणि संरक्षणाच्या भागातला मला सगळ्यात आवडणारा क्षण हा. मैदानात सहा आडोसे असतात, कुत्रा एकेक धुंडाळत जातो. शेवटच्यात हेल्पर, म्हणजे चोराचं सोंग घेणारा माणूस, उभा असतो, पॅडिंगची बाही घालून, पुतळ्यासारखा. कुत्रा तिथे पोचतो तेव्हा इतका तापलेला असतो की अंगावरचे केस थरथरताना दिसतात. नियम एवढाच : माणूस हलत नाही तोवर दात लावायचा नाही. समोर राहून, डोळ्यांत डोळे घालून, घुमणाऱ्या आवाजात भुंकायचं आणि त्याला जागेवर खिळवून ठेवायचं. बाही नाकापासून वीतभर अंतरावर आहे, सगळं शरीर तिकडे ओढतंय, आणि तरी दात मिटलेले. धरलं तर गुण जातात. पुढे माणूस पळाला की धरायचं, तो थांबला आणि मालकाने 'आउस' (सोड) म्हटलं की सोडायचं. पुन:पुन्हा सांगूनही सोडलं नाही तर खेळ खलास. परीक्षक तीन गोष्टी बघत असतात : आतला जोर, आत्मविश्वास आणि दबाव सोसायची ताकद. जोर तिघांपैकी फक्त एक आहे. तुमच्या ट्रेनरने तोही नीट ओळखलेला नाही.

यजमान ज्या लष्करी कुत्र्यांमुळे भारावले, त्यांच्याबद्दलही हेच. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये काश्मीरमध्ये अनंतनागच्या मोहिमेत झूम नावाचा कुत्रा दोन गोळ्या लागूनही मागे हटला नाही आणि काही दिवसांनी श्रीनगरच्या लष्करी पशुरुग्णालयात त्याने प्राण सोडले. तो याच जातीचा होता. अशा कुत्र्याला अनोळखी घरात एकट्याने पाठवतात : आत काळोख, बाहेर गोळीबार, पायाखाली काय आहे ते माहीत नाही. पोत्यावर तुटून पडणारे कुत्रे कितीही मिळतात. या कामाला असा कुत्रा लागतो जो दचकतो आणि पुढच्या श्वासाला परत कामावर येतो. त्यासाठी पिढ्या निवडाव्या लागतात, निवडलेल्यांतूनही पुष्कळ गळतात. लष्कराचं श्वान प्रशिक्षण मेरठला महिनोन्महिने चालतं आणि प्रत्येक कुत्र्यामागे एक माणूस बांधलेला असतो. बावधनच्या अंगणात आठवड्यातून तीनदा पोतं नाचवून ते होईल, ही समजूत गोड आहे.

असं लिहिताना मला आपल्या इथलंच एक उदाहरण आठवतं. पावसाळा संपला की दिवे घाटाच्या वाटेवर धनगरांचे कळप दिसतात, घोड्यावर बिऱ्हाड आणि मेंढ्यांच्या कडेने चालणारे दोन-तीन उंच, काटक कुत्रे. शेजारून ट्रक जातो, एसटी जाते, आपण गाडी थांबवून फोटो काढतो, ते मानही वळवत नाहीत. त्याच कळपाच्या जाळीच्या वाड्याजवळ रात्री अनोळखी पाऊल टाकून बघा. (खरं तर बघू नका.) दिवसा रस्त्यावरच्या सगळ्यांवर भुंकणारा कुत्रा धनगराने ठेवलाच नसता, तो रात्री कामाच्या वेळी दमून झोपलेला असता.

आता संयमाबद्दल. लोकांना वाटतं संयम म्हणजे आतल्या आगीवर झाकण ठेवणं, आणि झाकण म्हणजे गळ्यातला काट्यांचा पट्टा. झाकणाखाली भीती असेल तर ते कधीतरी उडतंच. भीतीला शिस्तीने गप्प करता येतं, पण मग कुत्रा गुरगुरायचं सोडून देतो आणि थेट चावतो, म्हणजे तुमची सूचनाही गेली. म्हणून एक पक्कं लक्षात ठेवा : टायसन गुरगुरला तर त्याला मारायचं, ओरडायचं नाही. गुरगुरणं हे त्याचं बोलणं आहे. त्याला तिथून दूर न्या आणि कशामुळे गुरगुरला ते वहीत लिहा.

धीराच्या कुत्र्याला संयम शिकवणं सोपं असतं, कारण सोडल्याने आपलं काही हरवत नाही हे त्याला पटतं. ते शिकवायची रीतही साधी आहे. दोन सारखी खेळणी घ्या. एक त्याच्या तोंडात. तुमच्या हातातलं तुम्ही मेलेल्या उंदरासारखं स्थिर धरा, ओढू नका. तो कंटाळून सोडतो, त्याच क्षणी 'सोड' म्हणा आणि दुसरं जिवंत करा. सोडलं की खेळ पुन्हा सुरू होतो, हे त्याला शे-दोनशे वेळा कळलं की तो सोडायला उत्सुक होतो. लहानपणी फडक्याशी असा खेळ खेळलेलं पिल्लू मोठेपणी स्लीव्हवरही सुटतं, कारण त्याच्या लेखी तो खेळच असतो, कुणी त्याला काठीने धमकावलेलं नसतं. खेळ अगदी रंगात आला असताना मध्येच 'बस' म्हणा. कान टवकारून खाली बसला तर त्याचं डोकं अजून तुमच्याकडे आहे. ऐकूच आलं नाही असा उसळत राहिला तर तुम्ही त्याला जास्त तापवलंय, दोन पायऱ्या खाली या. टायसनबरोबर हा खेळ चालेल. त्यात काठी नको, धमकी नको, आणि तूर्त ट्रेनरही नको.

सुरुवात मात्र पशुवैद्यापासून करा. कंबर, कोपर, दात, कान, सगळं तपासून घ्या. दुखऱ्या कुत्र्याचा धीर अर्धा होतो, आणि वरून ते ओळखू येत नाही. भीतीसाठी औषधं असतात. पशुवैद्याने सुचवली तर संकोच करू नका, आपण सासूबाईंना बीपीची गोळी देतोच की.

मग गेट. आत्ता काय होतंय बघा : डिलिव्हरीवाला येतो, टायसन भुंकतो, तो पळतो. टायसनच्या मनात हिशेब पक्का होतो, मी भुंकलो म्हणून संकट गेलं. दिवसातून आठ-दहा वेळा तुम्ही त्याला हे बक्षीस देताय. पार्सलं काही दिवस शेजारी किंवा कोपऱ्यावरच्या दुकानात ठेवायला सांगा. गेटला आतून पत्रा किंवा शेडनेट लावा, म्हणजे रस्ता दिसणार नाही. बेल वाजली की टायसन मागच्या खोलीत, दार बंद, चघळायला हाड. तोंडाला जाळीचा मझल, ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतात आणि पाणी पिता येतं. तो दहा दिवस घासांच्या आमिषाने हळूहळू घालायला शिकवा, एकदम कोंबू नका. घरात बाहेरचं कुणीही असेल तेव्हा मझल किंवा बंद दार, दोन्हीपैकी एक. क्रिकेट चालू असताना बंद दार, नेहमी. बॅट म्हणजे काठी, आणि धावणारी पोरं म्हणजे पळणारं सावज. त्या अंगणात मॅलिनॉइस मोकळा ठेवणं हा जुगार आहे, आणि डावावर लावलेलं मूल दुसऱ्याचं आहे.

त्याची ताकद कुठेतरी जिरायला हवी, हे खरं. नाकाचं काम द्या. सकाळचं निम्मं जेवण अंगणातल्या गवतात विखरा, डब्यांखाली लपवा, तुमचा मोजा टेरेसवर दडवून शोधायला सांगा. नाक लावून शोधून दमलेला कुत्रा निवांत झोपतो. टेकडीवर न्या, पण लांब दोरीवर आणि गर्दी नसताना. तिथल्या मोरांच्या मागे धावू देऊ नका, हे वेगळं सांगायला नको.

एक रस्ता तुमच्याकडे नक्की सुचवला जाईल, कारण पुण्यात तो सगळ्यांनाच सुचतो : 'मुळशीच्या फार्महाऊसवर बांधून ठेवा, तिथे राखण करेल.' साखळीला बांधलेला भित्रा कुत्रा पळूही शकत नाही, म्हणजे त्याच्याकडे चावण्याशिवाय काही उरतच नाही. तिथे तो गड्याच्या मुलाला चावेल आणि तुम्हाला ते फोनवर कळेल. कायद्याचंही बघून घ्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 प्रमाणे पाळीव जनावराबाबत पुरेशी काळजी न घेतल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. प्लंबरने तक्रार केली नसेल, तर ती त्याची भलमनसाहत. महापालिकेचा परवाना काढला नसेल तर तोही काढा.

टायसन सुधारेल का? माझा अंदाज, बऱ्यापैकी. पुढच्या दीड वर्षात त्याचा स्वभाव स्थिरावेल. काठी गेली, गेटवरची रोजची लढाई गेली, आणि त्याला कुणीतरी शांतपणे वाचायला शिकलं, तर घरच्यांपुरता तो प्रेमळ, कामसू कुत्रा होईल. अनोळखी माणसांबाबत त्याला आयुष्यभर सांभाळावं लागेल. राखणीचा कुत्रा तो होणार नाही, आणि त्याने तो व्हावा ही अपेक्षा सोडणं ही त्याच्यावर केलेली मेहेरबानीच आहे. सहा महिन्यांनीही सासूबाई खोलीतच असतील, तर त्याला मॅलिनॉइस कळणाऱ्या, घरात लहान मूल नसलेल्या माणसाकडे द्यायचा विचार करा. चावल्याची गोष्ट लपवून मात्र नको.

घरफोडीचं म्हणाल, तर चोराला घरात कुत्रा आहे एवढं कळणं बहुतेक वेळा पुरतं. आवाज टायसनकडे भरपूर आहे, तो बंद दाराआडूनही तेवढाच ऐकू येतो. मागच्या टेकडीच्या बाजूला हालचालीवर लागणारा दिवा बसवा, खिडक्यांना ग्रिल आणि पाटी. पुण्यात राहून एक नीट पाटी लिहायला जमणार नाही असं नाही.

यजमानांना हे पत्र वाचायला द्या, पण त्याआधी त्यांना तो व्हिडिओ आवाज बंद करून दाखवा. फक्त मागचे पाय बघा म्हणावं. महिन्याभराने मला नवा व्हिडिओ पाठवा. गेटचा नको, पोत्याचा तर नकोच. सकाळी कामवाल्या मावशी घरात वावरत असताना टायसन मझल घालून त्याच्या चटईवर पडलाय, आणि त्यांच्या हातून भांडं पडलं की तो मान वर करतो, बघतो आणि परत खाली ठेवतो की नाही, तेवढा अर्धा मिनिटाचा पाठवा.